विसर्जनाचा विवेक : न रुजलेले सॉफ्टवेअर बंद करताना

आपल्याकडे आरंभाचे कौतुक फार. दवाखान्याचे उद्घाटन असो, मंडळाच्या एखाद्या उपक्रमाचा शुभारंभ असो किंवा नव्या नियतकालिकाचा पहिला अंक असो, नारळ वाढवायला, दीपप्रज्वलन करायला आणि आशीर्वादाचे दोन शब्द बोलायला मान्यवर आवर्जून उपस्थित राहतात. तोच उपक्रम पाच-सात वर्षांनी थांबतो, तेव्हा मात्र त्याची वार्ता कोणी कोणाला देत नाही. तो हळूहळू विस्मरणात जातो आणि त्याच्याशी संबंधित मंडळी तो विषय टाळू लागतात. गणेशोत्सवात आपल्या पूर्वजांनी प्राणप्रतिष्ठेइतकेच विसर्जनालाही विधीचे स्थान दिले आहे. उत्तरपूजा झाल्याखेरीज मूर्ती जागेवरून हलवली जात नाही. आपल्या इतर उद्योगांच्या बाबतीत ही शिस्त आपण पाळत नाही आणि तिच्या अभावी कधीकधी नुकसानही होते. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. उदाहरण तेवढे घेतले आहे ते सॉफ्टवेअरचे, कारण ती चूक मी स्वतः केलेली आहे.

वैद्यकीय मंडळाच्या स्मरणिकेत सॉफ्टवेअरचा विषय कशाला, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येईल. परंतु दवाखान्यात संगणक आल्यापासून आपल्यापैकी अनेकांनी फावल्या वेळात स्वतःच्या गरजेपुरते लहानसहान प्रोग्रॅम लिहिले आहेत. कोणी बिलांसाठी, कोणी रुग्णांच्या नोंदींसाठी, तर कोणी औषधांच्या साठ्यासाठी. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तर प्रोग्रॅमिंग न शिकलेला तरुण डॉक्टरही आठवड्याभरात एखादे मोबाइल अ‍ॅप उभे करू शकतो. आरंभ जितका सोपा झाला, तितका समाप्तीचा प्रश्न अधिक वेळा उभा राहणार, हे उघड आहे.

एका स्मरण-यादीची कथा

मी बडोद्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करतो. २००१ साली दवाखान्यात संगणक घेतला, तेव्हा मनात एकच कल्पना होती. लसीकरणाचे कार्ड अनेक घरांतून हरवते आणि पुढील लस कधी द्यायची हे आईच्या लक्षात राहत नाही. बाळाची जन्मतारीख भरली की पुढील सर्व लसींच्या तारखा आपोआप निघाव्यात, कार्ड छापले जावे आणि दर सोमवारी त्या आठवड्यात येऊ घातलेल्या बालकांची यादी मिळावी, एवढीच अपेक्षा होती. व्हिज्युअल बेसिक ६ हे पुस्तकावरून शिकलो, माहिती साठवण्यासाठी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस वापरले आणि ओपीडी आटोपल्यावर रात्री दहानंतर बसून वर्षभरात प्रोग्रॅम तयार केला. माझ्या दवाखान्यात तो उत्तम चालू लागला.

पुढे स्थानिक डॉक्टरांच्या एका मासिक सभेत त्याचे प्रात्यक्षिक दाखवले. टाळ्या झाल्या. अकरा सहकाऱ्यांनी सीडी मागून घेतल्या. रविवारी सकाळी स्कूटरवरून दवाखान्यादवाखान्यांत जाऊन मी तो बसवून देऊ लागलो. कोणी म्हणाले, "साहेब, वजन-उंचीचा आलेख हवा." आलेख घातला. कोणी म्हणाले, गुजराती अक्षरांत कार्ड हवे. तेही केले. दोन वर्षांनी आढावा घेतला असता तर लक्षात आले असते की, माझा दवाखाना वगळता केवळ दोन ठिकाणी तो नियमित उघडला जात होता. उरलेल्या नऊ ठिकाणी सीडी टेबलाच्या खणात पडून होती. पण आढावा मी घेतलाच नाही. लग्नकार्यात एखादा सहकारी भेटून "वा, काय सुंदर काम केलंय!" असे म्हणाला की, पुढचे तीन महिने मी नव्या जोमाने रात्री जागवत असे. एकदा सौ. ने सहज विचारले, "अहो, हे नक्की कोणासाठी चाललंय?" त्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी दिले नाही आणि पुढे कित्येक वर्षे दिले नाही.

२०१२ च्या सुमारास माझा उत्साह ओसरला. स्वतःच्या दवाखान्यासाठी मी तयार मिळणारे दुसरे सॉफ्टवेअर घेतले. माझा प्रोग्रॅम मात्र बंद केला, असे मी कोणाला कळवले नाही. "चालतोय तर चालू दे" अशी वृत्ती होती. मी तो बंद केला नव्हता, केवळ सोडून दिला होता. या दोन क्रियांमधील अंतर मला पुढे एका बालकाने शिकवले.

सोडून देणे आणि बंद करणे

आपल्या देशाच्या लसीकरणात त्या काळात महत्त्वाचे बदल झाले. २०१५ च्या नोव्हेंबरपासून इंजेक्शनद्वारे द्यावयाची पोलिओ लस राष्ट्रीय कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने दाखल झाली. २५ एप्रिल २०१६ रोजी तोंडावाटे द्यावयाच्या लसीतून पोलिओ विषाणूचा दुसरा प्रकार वगळण्यात आला आणि पहिला व तिसरा असे दोनच प्रकार असलेली लस देशभर सुरू झाली. त्यानंतर जन्मलेल्या बालकाला दुसऱ्या प्रकारापासून संरक्षण मिळण्याचा मार्ग म्हणजे इंजेक्शनची लस. ती चुकली तर थेंब कितीही वेळा पाजले तरी ती उणीव भरून निघत नाही.

त्या वर्षाच्या अखेरीस एक आई पाच महिन्यांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. शहराबाहेरच्या एका दवाखान्यात तिचे लसीकरण झाले होते. हातात छापील कार्ड होते. ते मी पाहताक्षणी ओळखले, कारण त्याची चौकट, अक्षरे, खालची ओळ सारे माझेच होते. कार्डावर थेंबांच्या तारखा अचूक होत्या. इंजेक्शनच्या पोलिओ लसीचा रकानाच नव्हता. तो कसा असणार? वेळापत्रक मी प्रोग्रॅममध्येच पक्के लिहून ठेवले होते आणि त्याला चार वर्षे हात लावला नव्हता. त्या दवाखान्यातील बेन दर सोमवारी निष्ठेने यादी छापत होत्या. संगणक सांगतो ते बरोबरच असणार, असा त्यांचा विश्वास होता आणि तो विश्वास मीच त्यांना शिकवला होता.

मुलीला राहिलेली लस त्याच दिवशी दिली. तिला काही अपाय झाला नाही. सहकाऱ्याला दूरध्वनी केला आणि त्याच्याकडील सर्व नोंदी आम्ही दोघांनी मिळून हाताने तपासल्या. आणखी काही बालकांची तीच लस राहिली होती. त्यांना बोलावून घेतले. दोष सहकाऱ्याचा नव्हता, बेनचा तर नव्हताच. मला त्या रात्री जाणवले ते असे की, ज्या सॉफ्टवेअरला कोणी वापरत नाही म्हणून मी विसरलो होतो, त्याला एक माणूस मनापासून वापरत होता. न रुजलेले सॉफ्टवेअर म्हणजे केवळ लेखकाचा वाया गेलेला वेळ, असे आपण समजतो. वैद्यकीय क्षेत्रात ते तेवढ्यावर थांबत नाही.

रुजले किंवा नाही, हे कसे ओळखावे?

औषध लिहून दिले म्हणजे रुग्णाने ते घेतले, असे आपण कोणीही मानत नाही. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र सीडी दिली, अ‍ॅप उतरवून घेतले गेले, सभेत टाळ्या पडल्या, एवढ्यावर आपण समाधान मानतो. कौतुक ही सौजन्याची गोष्ट आहे आणि वापर ही गरजेची. माझ्या मते पुढील चार प्रश्न प्रामाणिकपणे विचारले तर खरे चित्र समोर येते.

पहिला प्रश्न : आपण आठवण न करता लोक ते स्वतःहून उघडतात काय? दुसरा : ते एक दिवस बंद पडले तर कोणाचा दूरध्वनी येतो काय? तिसरा : वापरणाऱ्याने आपण होऊन दुसऱ्या कोणाला त्याची शिफारस केली काय? चौथा : ज्यांनी वापर सोडला त्यांच्याकडे आता त्याच कामासाठी काय आहे? हा चौथा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. माझ्या नऊ सहकाऱ्यांपैकी बहुतेकांकडे एक जाड वही होती. त्या वहीत बेन तारखा लिहीत आणि ती वही त्यांना पुरेशी वाटे. माझा प्रोग्रॅम वहीपेक्षा चांगला होता, परंतु वही सोडून देण्याइतका चांगला नव्हता.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. मान्यता न मिळणे आणि वापर न होणे या भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांसाठी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही प्रोग्रॅमरांनी डॉक्टरांच्या शेजारी बसून रुग्णनोंदींचे लहान लहान प्रोग्रॅम लिहिण्यास आरंभ केला. मध्यवर्ती संगणक विभागाला ते मान्य नव्हते. काम थांबवण्याचे प्रयत्न झाले, काहींच्या नोकऱ्याही गेल्या. तरीही रुग्णालयांतील डॉक्टरांनी ते प्रोग्रॅम सोडले नाहीत आणि १९८२ साली त्यांना अधिकृत मान्यता मिळाली. त्यातूनच पुढे व्हिस्टा ही प्रसिद्ध रुग्णनोंद-प्रणाली विकसित झाली आणि तिने कित्येक दशके सेवा दिली. त्या प्रोग्रॅमरांकडे अधिकार नव्हता, पण वापरणारे होते. माझी स्थिती नेमकी उलट होती. माझ्या वाटेत कोणी अडथळा आणला नव्हता, आणि वाट पाहणारेही कोणी नव्हते.

मन का तयार होत नाही?

एवढे स्पष्ट दिसत असूनही माणूस थांबत नाही, याचे कारण मानसशास्त्रात शोधावे लागते. हॅल आर्क्स व कॅथरिन ब्लूमर या संशोधकांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग बोलका आहे. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामी तिकिटे घेणाऱ्यांपैकी काहींना पूर्ण किमतीत, तर काहींना, त्यांना पूर्वकल्पना नसताना, सवलतीत तिकिटे देण्यात आली. नाटके तीच, आसने तीच. तरीही हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण पैसे मोजलेले प्रेक्षक अधिक नाटकांना हजर राहिले. जो पैसा गेला तो परत येणार नव्हता, तथापि तो वसूल करण्याची ओढ त्यांना नाट्यगृहाकडे नेत होती. यालाच बुडीत खर्चाचा मोह म्हणतात. ब्रिटन व फ्रान्स यांनी मिळून बांधलेल्या कॉन्कॉर्ड विमानाच्या बाबतीत, आर्थिक लाभाची आशा मावळल्यानंतरही खर्च चालू राहिला आणि या मोहाला त्या विमानाचेच नाव चिकटले.

बुडीत खर्च पैशांचाच असतो असे नाही. रात्री जागवलेले तास हाही खर्चच. शिवाय स्वहस्ते घडवलेल्या वस्तूवर माया बसते. आपण डॉक्टर मंडळी हा मोह रुग्णांच्या बाबतीत चांगला ओळखतो. गुण येत नसतानाही "इतकी वर्षे घेतोय, आता कसे सोडू?" असे म्हणत एखादे औषध चालू ठेवणारा रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याला आपण समजावतो की, आजवर घेतलेल्या गोळ्या हा उद्याची गोळी घेण्याचा पुरावा होऊ शकत नाही. हेच वाक्य स्वतःच्या संगणकासमोर बसून स्वतःला सांगणे मात्र अवघड जाते.

थांबण्याचा नियम आधी लिहावा

यावर उपाय आपल्याच शास्त्रात आहे. मोठी चिकित्सालयीन चाचणी सुरू करताना ती केव्हा थांबवायची, याचे निकष पहिल्या रुग्णाची नोंद होण्यापूर्वी ठरवले जातात, आणि त्या निकषांवर देखरेख ठेवण्याचे काम मूळ संशोधकांकडे न ठेवता स्वतंत्र समितीकडे सोपवले जाते. रजोनिवृत्तीनंतरच्या संप्रेरक-चिकित्सेसंबंधीची विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह ही अमेरिकेतील चाचणी आपल्या स्मरणात असेल. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र देण्याच्या भागात १६,६०८ स्त्रिया सहभागी होत्या आणि नियोजित कालावधी साडेआठ वर्षांचा होता. स्तनाच्या कर्करोगाच्या प्रमाणाने पूर्वनिश्चित मर्यादा ओलांडली आणि एकूण लाभापेक्षा हानी अधिक दिसू लागली, तेव्हा २००२ साली, सरासरी ५.२ वर्षांच्या निरीक्षणानंतर तो भाग थांबवण्यात आला. हानी दिसत नसली, तरी पूर्ण झाल्यावरही लाभ सिद्ध होण्याची शक्यता उरलेली नाही, एवढ्या कारणावरूनही चाचण्या थांबवल्या जातात. त्याला कोणी पराभव म्हणत नाही. त्या निर्णयातूनही ज्ञानच मिळते.

फावल्या वेळच्या सॉफ्टवेअरसाठी एवढा थाटमाट नको. एका कागदावर तीन ओळी पुरेत. पहिल्या ओळीत तारीख, उदाहरणार्थ पुढील वर्षाची ३१ मार्च. दुसऱ्या ओळीत वापराचा निकष, उदाहरणार्थ "माझ्या सांगण्याशिवाय किमान पाच दवाखाने दर आठवड्याला वापरत असावेत." तिसऱ्या ओळीत आपण आठवड्याला किती तास देणार याची मर्यादा. हा कागद स्वतःजवळ न ठेवता जोडीदाराकडे किंवा एखाद्या स्पष्टवक्त्या मित्राकडे द्यावा आणि त्या तारखेला त्यानेच तो आपल्यासमोर वाचावा. आमच्या घरी असा कागद असता, तर सौ. चा प्रश्न कित्येक वर्षे अनुत्तरित राहिला नसता.

बडोदेकरांना यासाठी दूर पाहण्याचेही कारण नाही. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा विचार मनात आल्यावर श्रीमंत सयाजीराव महाराजांनी तो एकदम संपूर्ण राज्यावर लादला नाही. १८९३ साली अमरेली भागात प्रयोगादाखल सुरुवात झाली आणि १९०६ साली ती योजना राज्यभर लागू झाली. प्रयोगाला प्रयोग म्हणण्यातच हे गृहीत असते की, त्याचा निकाल पाहून पुढे जायचे किंवा थांबायचे.

बलाढ्य कंपन्यांचे दाखले

वापर न होणे ही एकट्यादुकट्या हौशी लेखकाची नामुष्की आहे, असे कोणी समजू नये. गूगल कंपनीने २००८ साली गूगल हेल्थ ही सेवा सर्वांसाठी खुली केली. प्रत्येक नागरिकाने आपली वैद्यकीय माहिती एका ठिकाणी साठवावी, हा तिचा हेतू होता. पैसा, मनुष्यबळ, कीर्ती यांपैकी कशाचीच उणीव नव्हती. परंतु तंत्रज्ञानाची आवड असलेले काही रुग्ण आणि व्यायामप्रेमी वगळता सामान्य माणूस तिकडे वळला नाही. कंपनीने २०११ च्या जूनमध्ये तसे मोकळेपणाने मान्य केले आणि १ जानेवारी २०१२ पासून सेवा बंद केली. तथापि आपली माहिती उतरवून घेण्यासाठी वापरणाऱ्यांना १ जानेवारी २०१३ पर्यंत, म्हणजे आणखी एक वर्ष मुदत दिली. माहिती निरनिराळ्या प्रचलित स्वरूपांत मिळेल, अशीही व्यवस्था केली. मायक्रोसॉफ्टची तशीच सेवा, हेल्थव्हॉल्ट, २००७ साली सुरू झाली होती आणि तीही २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाली.

दुसरे उदाहरण वैद्यकाबाहेरचे आहे. स्ट्युअर्ट बटरफील्ड यांच्या टायनी स्पेक या कंपनीने ग्लिच नावाचा संगणकीय खेळ २०११ साली आणला. त्यावर मनापासून प्रेम करणारे खेळाडू होते, पण कंपनी चालेल एवढी त्यांची संख्या नव्हती. डिसेंबर २०१२ मध्ये खेळ बंद करण्यात आला. पैसे भरलेल्या खेळाडूंना ते परत देण्याची तयारी दाखवली गेली, नोकरी जाणाऱ्या सहकाऱ्यांना दुसरीकडे काम मिळावे म्हणून प्रयत्न झाले आणि पुढील वर्षी खेळातील बरीचशी चित्रे व प्रोग्रॅमचा भाग सर्वांसाठी मुक्त करण्यात आला. खेळ घडवताना आपापसांत संदेश पाठवण्यासाठी या मंडळींनी जे साधन बनवले होते, तेच पुढे २०१४ साली स्लॅक या नावाने जगभर गेले. अर्थात असे भाग्य क्वचितच कोणाच्या वाट्याला येते. स्लॅक निर्माण होईल या आशेने कोणी आपला प्रोग्रॅम बंद करू नये. तो बंद करायचा तर निरोप नीट द्यावा, एवढाच त्यातला बोध.

दुसऱ्याकडे सोपवणे हाही एक पर्याय असतो. मात्र तोही डोळसपणे निवडावा. गूगलने २००९ साली जाहीर केलेल्या वेव्ह या साधनाचा विकास २०१० मध्येच थांबवला आणि त्याचा प्रोग्रॅम अपाची या स्वयंसेवी संस्थेकडे दिला. तेथेही पुरेसे कार्यकर्ते न मिळाल्याने २०१८ साली तो निवृत्त करण्यात आला. "कोणीतरी पाहील" याला सोपवणे म्हणत नाहीत. स्वीकारणाऱ्याचे नाव सांगता येत नसेल, तर बंद करणेच अधिक जबाबदारीचे ठरते.

उत्तरपूजा

बालिकेच्या त्या प्रसंगानंतर मी माझा प्रोग्रॅम रीतसर बंद केला. त्या अनुभवावरून काही पायऱ्या सुचवतो.

सर्वप्रथम, ज्यांना ज्यांना प्रोग्रॅम दिला होता त्या सर्वांना लेखी कळवावे. वापरत नसतील असे आपण गृहीत धरतो त्यांनाही. पत्र डॉक्टरांच्या नावे असावे, पण ते प्रत्यक्ष संगणकावर बसणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचले की नाही, हे स्वतः पाहावे. माझ्या बाबतीत खरी वापरकर्ती बेन होत्या आणि आजवर मी त्यांना एकदाही काही विचारले नव्हते.

दुसरे, अखेरची तारीख निश्चित करावी आणि तोवर किमान चुका तरी दुरुस्त ठेवाव्यात. वेळापत्रक, औषधांची मात्रा, तारखांची गणिते असा सल्ला देणारा भाग अद्ययावत ठेवणे शक्य नसेल, तर तो भाग त्याच दिवशी बंद करावा आणि केवळ नोंदी पाहण्याची सोय ठेवावी. नोंद जुनी झाली तरी ती नोंदच राहते. जुना सल्ला मात्र दिशाभूल करतो.

तिसरे, रुग्णांची माहिती ज्याची त्याला, वाचता येईल अशा स्वरूपात परत द्यावी. हे बोलायला सोपे आणि करायला कठीण. माझ्या प्रोग्रॅममध्ये मराठी व गुजराती नावे युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये साठवली होती. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर बालकांच्या नावांऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसे. सर्व नावे युनिकोडमध्ये आणण्यास माझे दोन महिने गेले. मूळ साधनेही कालबाह्य झाली होती. व्हिज्युअल बेसिक ६ च्या विकास-साधनाला मायक्रोसॉफ्टचे साहाय्य २००८ सालीच संपले होते आणि ज्या विंडोज एक्सपीवर ते दवाखाने चालत होते तिचेही एप्रिल २०१४ मध्ये संपले. अखेर माहितीची साधी सारणी करून दिली आणि सोबत कागदावर छापील प्रतही दिली. कागद उघडायला कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही.

चौथे, कायद्याचे भान ठेवावे. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जतन करणे आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत देणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. सॉफ्टवेअर बंद पडले, ही त्यावर सबब होऊ शकत नाही. दुसऱ्या बाजूने, २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा संमत झाला आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. ज्या हेतूने माहिती घेतली तो संपल्यावर, अन्य कायद्याने जतन करणे आवश्यक नसेल तर, ती नष्ट करावी हे त्याचे तत्त्व आहे. प्रोग्रॅम बसवताना व दुरुस्त करताना सहकाऱ्यांच्या रुग्णांच्या माहितीच्या प्रती माझ्या संगणकावर साठल्या होत्या. त्या ठेवण्याचा मला काहीच अधिकार नव्हता. परतफेड पूर्ण झाल्यावर त्या पुसून टाकल्या.

पाचवे आणि शेवटचे, प्रोग्रॅम प्रत्येक संगणकावरून प्रत्यक्ष काढून टाकावा. हे काम मी पुन्हा रविवारीच केले, त्याच दवाखान्यांत जाऊन. नऊ ठिकाणी काही करावेच लागले नाही. शहराबाहेरच्या त्या दवाखान्यात मात्र बेननी विचारले, "साहेब, आता सोमवारी यादी कशी काढायची?" त्यांच्यासाठी एक जाड वही आणली होती. रकाने आखून, चालू वेळापत्रकाचा छापील तक्ता पहिल्या पानावर डकवून ती त्यांच्या हाती दिली. वेळापत्रक बदलले की तक्ता बदलायचा, एवढे समजावून सांगितले. त्या वहीत वेळापत्रक सर्वांच्या डोळ्यांसमोर होते, माझ्या प्रोग्रॅममध्ये ते मी आत दडवून ठेवले होते. पंधरा वर्षांनी मला हे उमगले.

मग सारे व्यर्थ गेले काय? तसे मला वाटत नाही. माझ्या दवाखान्यात काही वर्षे त्या यादीने बालकांच्या लसी वेळेवर झाल्या. नोंदी नीट ठेवण्याची सवय लागली. पण या जमेच्या बाजूमुळे तो प्रोग्रॅम पुढे चालू ठेवण्याचा किंवा वाऱ्यावर सोडण्याचा हक्क मला मिळत नव्हता. आपल्यापैकी ज्यांच्या जुन्या सीडी, जुने प्रोग्रॅम किंवा अलीकडची अ‍ॅप्स कोठेतरी कोणाच्या दवाखान्यात चालू असतील, त्यांनी या स्मरणिकेचे पान मिटण्यापूर्वी एक दूरध्वनी अवश्य करावा. पलीकडे कदाचित कोणीच नसेल. कदाचित एखाद्या बेन अजूनही दर सोमवारी यादी छापत असतील.